चेक इंजिन लाइट, कोड पी०१७१. ओटू सेन्सर बदलला तरी परत आली, आता काय करू?

कंदीपेढा:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

गाडी २०१७ ची १.२ पेट्रोल हॅचबॅक, ९४ हजार किमी झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर सगळा धागा तिकडेच जाईल. ४० हजार किमीला बाहेरून सीएनजी किट बसवलंय, सिक्वेन्शियलवालं. दर शनिवारी-रविवारी पुणे-सातारा असतं. तर महिन्याभरापूर्वी पुण्याहून येताना खंबाटकी चढताना पिवळी इंजिनची लाइट लागली. गाडी बंद पडली नाही, झटके नाहीत, फक्त चढाला जरा दम खात होती असं वाटलं, पण गाडीत पाच माणसं आणि डिकीत तांदळाचं पोतं होतं म्हणून मी फार मनावर घेतलं नाही.

सोमवारी साताऱ्यात एका गॅरेजला दाखवली, त्यांनी मशीन लावून स्कॅन केली (५०० रु.), कोड पी०१७१, 'सिस्टिम टू लीन बँक १'. म्हणाले ओटू सेन्सर गेला, बदलायला लागेल. बदलला, ५,८०० गेले. लाइट गेली, चार-पाच दिवस गाडी मस्त. पुढच्या रविवारी परत खंबाटकी, परत लाइट!! परत तोच कोड. मग दुसऱ्या गॅरेजला गेलो तर ते म्हणतात सेन्सर बरोबर आहे, सायलेन्सरमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोक झालाय, २८ हजार खर्च. आता मी घाबरलोय. आज २८ हजार घालू आणि पुढच्या रविवारी परत लाइट?

अजून एक बारीक गोष्ट, संबंध आहे की नाही माहीत नाही, सकाळी स्टार्ट केली की पहिला मिनिटभर पेट्रोलचा वास येतो मागून. आधी येत नव्हता. ॲव्हरेज सीएनजीवर थोडं कमी झालंय, किती ते मोजलेलं नाही.

आणि हसू नका पण ही 'बँक १' कुठली बँक?

राजाभाऊ_११:
बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल दहा मिनिटं काढून ठेवा, हेडलाइट ऑन करून परत लावा. लाइट जाते. मी दोन वर्षं हेच करतोय. सेन्सरची लाइट असते ती, गाडीला काही होत नाही.

निशिगंध_ठाणे:
राजाभाऊ, राग मानू नका पण हा सल्ला म्हणजे ताप आला की थर्मामीटर झटकून ठेवण्यासारखा आहे 😄 टर्मिनल काढलं की कोड पण पुसला जातो आणि कोडसोबत गाडीने जपून ठेवलेली माहिती पण पुसली जाते, मग मेकॅनिकला शोधायला काहीच उरत नाही.

माझा अनुभव सांगते. गेल्या पावसाळ्यात माझ्या गाडीला लाइट लागली, पी०१३५. नेटवर शोधलं तर ओटू सेन्सरचा हीटर. गॅरेजवाला म्हणाला सेन्सर बदला. मी म्हटलं आधी वायर बघा ना, नाही म्हणाला, मशीन चुकीचं सांगत नाही मॅडम. सेन्सर बदलला. लाइट तशीच. शेवटी माझ्या दिरांनी बोनेट उघडून टॉर्च मारली तर सेन्सरकडे जाणाऱ्या वायरच्या जुडीत उंदराने दोन वायरी अशा कुरतडल्या होत्या की तांबं चमकत होतं, आणि बाजूला इन्सुलेशनचा भुगा आणि सोसायटीतल्या कोणाच्या तरी देवघरातली कापसाची वात! घर करत होता बाई तिथे. वायर जोडून टेप मारली, ऐंशी रुपयांत काम. मशीन चुकीचं सांगत नव्हतंच, ते 'हीटरच्या सर्किटमध्ये गडबड' एवढंच सांगत होतं, सर्किटमध्ये वायर पण येते, फ्यूज पण येतो. 'सेन्सर बदला' हे कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं, ते गॅरेजवाल्याने आपल्या मनाने जोडलं.

तर पेढेदादा, २८ हजार अजिबात घालू नका. आधी बोनेट उघडा.

ओहमबाबा:
निशिगंध ताईंनी मुद्द्याचं सांगितलं. मी मेकॅनिक नाही, पुण्यात इलेक्ट्रॉनिक्समध्ये नोकरी आणि गाड्यांचा नाद, त्यामुळे थिअरी माझ्याकडून घ्या आणि पाना दुसऱ्या कोणाकडून.

आधी बँकेचं. व्ही आकाराच्या इंजिनमध्ये सिलिंडरच्या दोन रांगा असतात, एका रांगेला बँक म्हणतात, एक नंबरचा सिलिंडर जिकडे ती बँक १. तुमच्या चार सिलिंडरच्या सरळ इंजिनला एकच रांग, म्हणून बँक १ सोडून दुसरं काही येणारच नाही. खातं उघडायला नको.

आता कोड. पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे ब्रेक-सस्पेन्शन वगैरे, यू म्हणजे गाडीतले कंट्रोलर एकमेकांशी बोलेनासे झालेत. त्यानंतरचा आकडा ० असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना सारखा, १ असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा, म्हणून १ वाल्याचा अर्थ नेटवर दुसऱ्याच गाडीचा वाचून फसू नका. तिसऱ्या जागी १ किंवा २ म्हणजे हवा-इंधन, ३ म्हणजे इग्निशन-मिसफायर, ४ म्हणजे प्रदूषण कमी करणारे भाग. ही भाषा अमेरिकेत १९९६ पासून सक्तीची झाली आणि आपल्याकडे २०१३ पासून बीएस-४ गाड्यांना, म्हणजे तुमच्या गाडीत स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट आहेच आणि कोणतंही साधं स्कॅनर चालेल.

आता तुमचं पी०१७१ काय म्हणतंय बघा. लीन म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी. इंजिनच्या कॉम्प्युटरला, ईसीयूला, सायलेन्सरमधल्या ओटू सेन्सरकडून सारखं कळत असतं की धुरात ऑक्सिजन उरलाय की नाही. उरला म्हणजे इंधन कमी पडलं, तो थोडं वाढवतो. नाही उरला म्हणजे जास्त झालं, तो कमी करतो. हे वाढवणं-कमी करणं टक्क्यांत मोजतात, त्याला फ्यूएल ट्रिम म्हणतात. शॉर्ट टर्म म्हणजे आत्ताची चुळबुळ, लाँग टर्म म्हणजे लागलेली सवय. चांगल्या गाडीत दोन्ही मिळून शून्याच्या आसपास, पाच-सात इकडे तिकडे, दहापर्यंत कोणी ओरडत नाही. लाँग टर्म वाढत वाढत पंचविसाच्या घरात गेला की ईसीयू म्हणतो बाबा मी पाव हिस्सा इंधन जास्त ओततोय तरी पुरत नाहीये, आता तुम्हीच बघा, आणि लाइट लावतो.

म्हणजे या कोडमध्ये ओटू सेन्सर हा तक्रार करणारा आहे. आमटी अळणी झाली असं आजी म्हणाली की आपण मीठ बघतो, आजीची जीभ बदलायला निघत नाही. तुमच्या गॅरेजवाल्याने जीभ बदलली. नवी जीभ पण अळणीच म्हणाली.

दोन गोष्टी करा. एक, कोड आता पुसू नका. दोन, सातशे-आठशे रुपयांचा ब्लूटूथ डोंगल घ्या, ईएलएम३२७ म्हणतात तो, आणि मोबाइलवर ॲप. डोंगलवर १.५ लिहिलंय की २.१ हे बघून घ्या, २.१ लिहिलेले स्वस्त क्लोन बऱ्याचदा अर्ध्या कमांडला उत्तरच देत नाहीत. मग आधी 'फ्रीझ फ्रेम' उघडा. कोड लागला त्या क्षणी स्पीड किती, आरपीएम किती, इंजिन किती गरम, लोड (इंजिनवरचा ताण) किती, ट्रिम किती, हे सगळं तिथे फोटोसारखं साठवलेलं असतं. ते इथे टाका. आणि काम झालं की डोंगल काढून ठेवा, त्या सॉकेटला बॅटरीची लाइन कायम चालू असते, आठवडाभर गाडी उभी राहिली तर बॅटरी उतरवतो तो.

पाना_दहा_नंबर:
भावा मी इचलकरंजीत गॅरेज चालवतोय बावीस वर्षं. ओहमबाबा बोलले ते सगळं बरोबर हाय पण एक गोष्ट कोणीच बोलंना, गाडीला सीएनजी हाय की!!

लाइट लागली तेव्हा गाडी गॅसवर होती का पेट्रोलवर? हे आधी सांग. आमच्याकडं पी०१७१ घेऊन ज्या गाड्या येत्यात त्यात बाहेरून किट लावलेल्याच जास्त. आणि दरवेळी आधी कुठंतरी सेन्सर बदलून आलेल्या असत्यात.

आणि ते कन्व्हर्टर चोकचं. साधी गोष्ट बघ, गॅसवर आणि पेट्रोलवर धूर एकाच सायलेन्सरमधनं जातोय न्हवं? चोक असला तर पेट्रोलवर पण चढाला मरल गाडी. पेट्रोलवर तोच घाट चढवून बघ. पेट्रोलवर पळाली तर त्या गॅरेजला परत जाऊ नको. आणि कन्व्हर्टर कमजोर झाल्याचा कोड वेगळा असतोय, पी०४२०, तो तुला आलाच न्हाई.

व्हॅक्यूमचे पाइप पण बघून घे, इनटेकला हवा ओढत असली तरी हाच कोड येतोय, नव्वद हजारला रबर कडक हुतंय. कार्ब क्लीनर घेऊन पाइपावर हळू फवारायचं, जिथं फवारल्यावर आवाज बदलतोय तिथं लीक. गरम सायलेन्सरवर उडवू नको म्हणजे झालं.

ओहमबाबा:
पानादादा, सीएनजीचं माझ्या नजरेतून सुटलंच, साष्टांग दंडवत. मी पहिली पोस्ट परत वाचली आणि तो सकाळचा पेट्रोलचा वास एकदम जागेवर बसला. सिक्वेन्शियल किटमध्ये डोकं मूळ ईसीयूचंच असतं, तो पेट्रोलच्या हिशोबाने इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा ते ठरवतो आणि किटचा कॉम्प्युटर त्याला आपल्या नकाशाने (आत भरलेल्या तक्त्याने) गुणून गॅसचा इंजेक्टर उघडतो. आता गॅस कमी पडत असेल तर ईसीयू ट्रिम वाढवत जाणार, +२० ची सवय लागणार. सकाळी गाडी पेट्रोलवर स्टार्ट होते, तेव्हा तीच सवय पेट्रोलला लागू, म्हणजे जिथे पेट्रोल बरोबर पुरत होतं तिथे वीस टक्के जास्त ओतलं जाणार. वास येणारच!

फक्त व्हॅक्यूम लीकबद्दल एक, पहिली पायरी म्हणून ते ठीक पण आपल्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर नसतोच, मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा) दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. अशा गाडीत मागून चोरून हवा शिरली तर दाब वाढलेला मॅपला दिसतो आणि ईसीयू त्या हवेचं इंधन आपसूक देतो, मग लीनचा कोड येण्याऐवजी आयडल (उभ्या गाडीचा आरपीएम) चढलेलं दिसतं. एअरफ्लोवाल्या गाडीत मात्र लीक म्हणजे हमखास ०१७१. एअर फिल्टरनंतरच्या पाइपवर कपलर (वायरचा जोड) असलेला सेन्सर आहे की थेट मॅनिफोल्डवर बसलाय, ते बघा म्हणजे कळेल.

पाना_दहा_नंबर:
हे बरोबर. मॅपवाल्या गाडीत आयडल हजार-बाराशे होऊन बसतंय. फवारा मारायच्या आधी आयडल बघ.

कंदीपेढा:
सगळ्यांचे आभार, एवढी माणसं बोलतील असं वाटलं नव्हतं. डोंगल मागवला, काल आला, १.५ च आहे. आयडल ७५० वर स्थिर आहे, सेन्सर मॅनिफोल्डवरच बसलाय, म्हणजे मॅप.

फ्रीझ फ्रेम असं दाखवतंय: आरपीएम २,६४०, स्पीड ५१, लोड ८३ टक्के, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) ९२ अंश, शॉर्ट ट्रिम +१४, लाँग ट्रिम +२३.

५१ चा स्पीड आणि एवढा लोड म्हणजे घाटच. आणि हो पानादादा, गाडी गॅसवर होती, मी पेट्रोलवर चालवतच नाही, टाकीत पाच लिटर पडलेलं असतं फक्त.

पण मला एक कळत नाही, सेन्सर बदलल्यावर चार-पाच दिवस गाडी ठीक कशी चालली मग?

एडिसनची_सून:
हे मी सांगते, कारण मी याच्यावरून चांगलीच होरपळलेय. (मूळ सांगली, आता न्यू जर्सी.)

बहुतेक कोडना ईसीयू एका फटक्यात लाइट लावत नाही. पहिल्यांदा गडबड दिसली की 'पेंडिंग' म्हणून नोंद, पुढच्या फेरीत परत दिसली की मग कन्फर्म आणि लाइट. सेन्सर बदलताना गॅरेजने कोड पुसला, सोबत शिकलेले ट्रिम बहुतेक शून्यावर गेले, म्हणजे गाडीने नव्याने पाटी-पेन्सिल घेतली. साताऱ्यात गावातल्या गावात लोड कुठे येतो? शनिवारी-रविवारी घाट आला, लोड आला, गाडी परत शिकली की गॅस पुरत नाहीये. सेन्सरने काहीच बरं केलं नव्हतं, तुम्ही मधे घाट चढला नव्हता एवढंच.

होरपळल्याचं असं की आमच्याकडे इन्स्पेक्शनला सायलेन्सरमध्ये नळी घालत नाहीत, त्या १६ पिनांच्या सॉकेटात केबल लावतात. मी शहाणी, आदल्या रात्री डोंगलने कोड पुसून गेले, लाइट नाही काही नाही, ऐटीत. नापास! कारण कोड पुसला की गाडीच्या स्वतःच्या सगळ्या चाचण्या, त्यांना रेडीनेस मॉनिटर म्हणतात, त्या पण 'अपूर्ण' होऊन बसतात, आणि २००१ नंतरच्या पेट्रोल गाडीला एकच अपूर्ण चालतो, माझे चार होते. त्या माणसाने माझ्याकडे असं बघितलं जसं सासूबाई जळलेल्या पोळीकडे बघतात. मग आठवडाभर हायवे, गल्ली, थंड स्टार्ट असं फिरवलं तेव्हा मॉनिटर पूर्ण झाले आणि त्याच दिवशी पी०४२० परत आला. राजाभाऊंचं टर्मिनल इथे चालायचं नाही.

तुमच्याकडे पीयूसीला हे बघत नाहीत म्हणून सूट आहे, पण डोंगलमध्ये ते मॉनिटरचं पान उघडून बघा, कोणी गाडी विकताना आदल्या दिवशी कोड पुसलाय का ते लगेच दिसतं. जुनी गाडी घेताना मी आता हेच आधी बघते, सीट कव्हर नंतर.

राजाभाऊ_११:
माझं टर्मिनल बरंच बदनाम झालं इथे. पण एक विचारतो, माझी लाइट कधी कधी लुकलुकते, लागून राहत नाही. ते बरं की वाईट?

पाना_दहा_नंबर:
राजाभाऊ गाडी बाजूला घ्या!! लागून राहिलेली लाइट म्हणजे सवडीनं दाखवा, पण लुकलुकणारी म्हणजे मिसफायर चालू हाय, पेट्रोल न जळता कन्व्हर्टरमध्ये जातंय आणि तिथं जळतंय, आतली जाळी वितळंल. पाय हलका करा, जवळच्या गॅरेजला न्या, प्लग आणि कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देती ती) बघून घ्या. बहुतेक पी०३०० नाहीतर ०३०१ ते ०३०४ मधला कोड असणार, शेवटचा आकडा सिलिंडरचा नंबर. सिलिंडर कळला की त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर टाकून बघायची, कोड पण तिकडं गेला तर कॉइल खराब, जागेवरच राहिला तर प्लग नाहीतर इंजेक्टर. फुकटची तपासणी हाय. दोन वर्षं टर्मिनल काढताय म्हणजे काय म्हणायचं.

राजाभाऊ_११:
बरं बरं. उद्याच नेतो.

ओहमबाबा:
पेढेबुवा, तुमचे आकडे बोलके आहेत. शॉर्ट आणि लाँग मिळून +३७ म्हणजे ईसीयू हात टेकून बसलाय. पण हा एकाच क्षणाचा फोटो आहे. आता तुलना हवी. तीन दिवस फक्त पेट्रोलवर चालवा, लाँग ट्रिमला सवय सोडायला थोडा वेळ लागतो, आणि मग गाडी गरम असताना आयडलवर, उभ्या गाडीत २,५०० आरपीएमवर आणि चढावर ट्रिम लिहून घ्या. मग गॅसवर घालून तेच. मोबाइल शेजारच्याच्या हातात द्या, घाटात स्वतः बघत बसू नका.

पेट्रोलवर पण +२० राहिलं तर पंप, टाकीतली जाळी, इंजेक्टर, मॅप सेन्सर, सायलेन्सरच्या पुढच्या जॉइंटची गळती (ओटू सेन्सरच्या आधी फट असली की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला खोटाच ऑक्सिजन दिसतो) अशी वेगळी वाट. पेट्रोलवर शून्याजवळ आलं तर मूळ गाडी निर्दोष, किटवाल्याकडे चला.

निशिगंध_ठाणे:
आणि इनटेक एअर टेम्परेचर (इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान) पण बघा सहज. माझ्या भावाच्या गाडीत ते उणे ४० दाखवत होतं, मे महिन्यात, डोंबिवलीत 😂 आम्ही हसून हसून बेजार, मग कळलं कपलर निघालेला होता.

ओहमबाबा:
हो, उणे ४० दिसलं की वायर तुटली किंवा कपलर निघाला असंच समजायचं. तो सेन्सर थंडीत जास्त रेझिस्टन्स दाखवतो, वायर तुटली म्हणजे रेझिस्टन्स अमाप, ईसीयूला वाटतं सैबेरिया. आणि उणे ४० च का, तर ओबीडीमध्ये (त्या सॉकेटवरच्या भाषेत) तापमान ० ते २५५ या आकड्यातून ४० वजा करून पाठवतात, शून्य आला की उणे ४०, त्याखाली जायला जागाच नाही. पी०११३ किंवा कूलंटचं असेल तर पी०११८ सोबत येतो बहुतेक. अशा वेळी सेन्सर बदलण्याआधी कपलर दाबून बघायचा, एवढंच.

कंदीपेढा:
आकडे घेतले, बायकोने लिहून घेतले, तिचं म्हणणं मी सीए झालो असतो तर बरं झालं असतं.

पेट्रोल, तीन दिवसांनी: लाँग ट्रिम आयडलला +३, २,५०० ला +२, खंबाटकी चढताना +४. शॉर्ट शून्याच्या आसपास हलत होता. घाट तिसऱ्या गिअरमध्ये आरामात चढली, दम खाल्ला नाही. सकाळचा वास पण दुसऱ्या दिवसापासून बंद!

सीएनजी: आयडल +९, २,५०० ला +१४, आणि यवतेश्वरचा घाट चढताना (मुद्दाम गेलो) लाँग +२४ आणि शॉर्ट +१५ वर अडकून बसला.

पाना_दहा_नंबर:
झालं की मग. जितका लोड जास्त तितका गॅस कमी पडतोय, म्हणजे गॅस कुठंतरी अडतोय. आधी लो प्रेशरचा फिल्टर बघ, रिड्यूसर (गॅसचं प्रेशर कमी करणारा) आणि गॅस इंजेक्टरच्या रेलच्या मधी असतोय, मुठीएवढा. शेवटचा कधी बदलला? मग रिड्यूसरचं प्रेशर, मग रेल. प्लग पण बघून घे, गॅसला स्पार्क जास्त जोराचा लागतोय, मी गॅप ०.८ ठेवतो. हे सगळं झाल्यावर ट्यूनिंग, आधी न्हाई. पुष्कळ किटवाले फिल्टर न बदलता लॅपटॉप जोडून नकाशा वाढवून देत्यात, लाइट जाती, आणि पुढं कधी फिल्टर बदलला की गाडी उलटी रिच हुती, म्हणजे इंधन जास्त, मग पी०१७२ घेऊन फिरत बस.

कंदीपेढा:
फिल्टर?? किट बसवल्यापासून ५४ हजार किमी मध्ये तो कोणी बदललाय असं मला आठवत नाही. मला तर असा फिल्टर असतो हेच माहीत नव्हतं, मी सिलिंडरची हायड्रोटेस्ट (दाबाची चाचणी) तेवढी करून घेतली होती, तीही पंपावर सर्टिफिकेट मागतात म्हणून.

पाना_दहा_नंबर:
😄😄 आमच्यात वीस हजारला बदलत्यात.

कंदीपेढा:
मंडळी, काल किटवाल्याकडे गेलो. त्याने फिल्टर काढून पांढऱ्या कागदावर उपडा केला तर काळं, चिकट, थिजलेल्या वंगणासारखं काहीतरी चमचाभर बाहेर आलं. वासही गॅसचा नाही, मशीन ऑइलचा. तो म्हणाला पंपावरच्या कॉम्प्रेसरचं तेल थोडं थोडं गॅससोबत येतं, ते इथे साचतं. आतला कागद तर असा झाला होता की बोटाने दाबला की तेल निथळत होतं. फोटो काढलाय पण टाकता येत नाहीये इथे.

नवा फिल्टर आणि मजुरी मिळून ३५० रुपये. आधी ट्रिम शून्य करून घेतले, मग दोन दिवस गॅसवर चालवून परत यवतेश्वर. आयडल +६, चढावर +९. मग आज त्याने लॅपटॉप लावून ट्यूनिंग केलं, आता आयडल +२, चढावर +३. प्लग काढले तर गॅप १.२ पर्यंत झिजून गेला होता, चारही बदलले, त्याचे वेगळे. पिकअपमध्ये फरक बायकोला पण जाणवला, आणि ती गाडीबद्दल कधीच काही बोलत नाही.

पहिल्या गॅरेजवाल्याला जाऊन सांगितलं शांतपणे, तो म्हणाला कोडच तसा होता साहेब. मी काही वाद घातला नाही. जुना सेन्सर मात्र मागून आणला, तो चालू आहे असं आता मला वाटतंय.

पाना_दहा_नंबर:
चालूच असणार. टाकू नको, कागदात गुंडाळून डिकीत ठेव. रविवारी खंबाटकी झाली की आकडे टाक.

कंदीपेढा:
टाकतो. या वेळी पोतं पण आहे डिकीत, गव्हाचं.

राजाभाऊ_११:
माझी दोन नंबरची कॉइल खराब निघाली. ०३०२ होता. धन्यवाद.